चार बोटं

"पोर वाढलेली नाही," नर्सबाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "गेल्या वर्षी होती तेवढीच आहे. हिला मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं."

फरशीवाल्याचं डोकं फिरलं. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे. इतकी वर्षं लोकांच्या घरांत सुताचा फरक पडू न देणाऱ्या माणसाला ही बाई मोजमाप शिकवायला आली होती.

"बाई, तुमची टेप तपासून घ्या आधी," तो म्हणाला. "ठकी, ये इकडे. उभी राहा."

दारामागच्या भिंतीवर शिसपेन्सिलीची एक रेघ होती. गेल्या वर्षी त्यानेच ठकीला भिंतीला टेकवून, तिच्या डोक्यावर कामाचा गुण्या काटकोनात धरून ती ओढली होती. ठकी धावत आली, खोकली, नाक वर ओढलं आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. पाच वर्षांची, पण अंगावरचा झगा तिसऱ्या वर्षीचा, आणि तोही सैल. तरी तिचं डोकं रेघेच्या वर गेलं होतं. मधल्या जागेत त्याने बोटं आडवी ठेवून पाहिली.

"चार बोटं!" त्याची बायको नर्सबाईंना म्हणाली. "आणि आतली कडीसुद्धा आता हिची ही काढते. मागे नुसत्या उड्या मारायची."

बायकोचा चेहरा फुलला होता. वर्षभर तिने आपल्या ताटातलं उचलून पोरीला भरवलं होतं. ते वाया गेलं, असं कोणी म्हटलेलं ती ऐकून घेणार नव्हती.

नर्सबाईंनी परत टेप लावली. टेप परत तेच म्हणाली. त्यांनी चष्मा पुसला, टेप उलटी करून पाहिली, आणि आता त्यांनाही टेपची शंका आली.

कोपऱ्यात बसलेली त्याची म्हातारी आई इतका वेळ गप्प होती, तेच मुळात नवल. आता मात्र ती गुडघ्यावर हात टेकत उठली.

"पोर एकटी उभी राहीना म्हणून गेल्या वर्षी यानं माझीही रेघ मारली होती," ती म्हणाली. "मी काय आता वाढायची राहिले होय? माझी रेघ जिथल्या तिथं असणार. बघा, आणि मग फेका ती टेप! अरे, धर तुझा गुण्या."

म्हातारी भिंतीला टेकून उभी राहिली, पदर नीट केला, फोटो काढायचा असावा तशी समोर बघत राहिली. फरशीवाल्याने गुण्या धरला. रेघ शोधली. पुन्हा शोधली. मग बोटं आडवी ठेवली.

म्हातारी चार बोटं वाढली होती.

"आजी पण वाढली!" ठकीने टाळ्या पिटल्या.

"या वयात?" म्हातारीचा आवाज चिरकला. "अरे देवा, हे काय झालंय मला? बाई, मलाही न्या हो दवाखान्यात!"

नर्सबाई तोंडावर हात दाबून म्हणाल्या, "दादा, वर्षभरात खाली काही केलंत का?"

तो आधीच खाली बघत होता. खोलीत ओल यायची, अंथरुणं दमट व्हायची, ठकीचा खोकला हटत नव्हता. म्हणून त्याने कामावर उरलेले तुकडे जमवून, खाली भराव घालून, अख्ख्या खोलीला नवी फरशी केली होती. चार बोटं वर. दार अडायला लागलं तेव्हा त्याला खालून करवत लावली होती. तेव्हापासून येता-जाता चौकटीवर त्याचं डोकं आपटत होतं, आणि तो चौकट करणाऱ्या सुताराचा उद्धार करत होता.

नर्सबाई हसत सुटल्या. बायको हसली, म्हातारी तर जीव भांड्यात पडल्यामुळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. फरशीवाल्यालाही स्वतःचं हसू आवरेना.

बायकोचं हसू आधी थांबलं. "म्हणजे ठकी..." ती म्हणाली, आणि तिने पोरीला जवळ ओढलं.

नर्सबाईंनी वाकून फरशीवर तळहात ठेवला. हात ओला झाला.

"वर आलीच की ओल," त्या म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती. "पोर यात झोपते, सारखी आजारी पडते. मग तुम्ही कितीही भरवा, अंगी लागणार कसं?"

फरशीवाल्याला भीती वाटली. आपल्या हातची फरशी त्याला आज पहिल्यांदाच बघवेना.

"चला," तो म्हणाला. "आत्ताच येतो दवाखान्यात."

सगळेच निघाले. म्हातारीसुद्धा, स्वतःबद्दल तिची अजून पुरती खात्री पटली नव्हती. चौकटीतून जाताना फरशीवाल्याने आठवणीने मान खाली घातली.

"मी लावते कडी," म्हणून ठकीने बाहेरून दार ओढलं आणि हात वर केला. टाचा उंचावल्या. एक उडी मारली. खोकत थांबली. कडी तिच्या बोटांच्या वर तशीच लोंबत होती.

तिने पायांखालच्या मातीकडे पाहिलं, थोडा विचार केला.

"बाबा," ती म्हणाली, "इथे पण घाला ना चार बोटं फरशी. म्हणजे मी बाहेर पण मोठी होईन."