कुंकू लागलेले यंत्र

सदर कथेत एका शिलाई यंत्राचा, त्यावर रेखिलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा आणि एका गृहिणीच्या न्याय्य हक्काचा वृत्तांत यथामती निवेदन करण्यात येत आहे. सुज्ञ वाचकांनी तो शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

"दीदी, पूजा हो गई, मतलब मशीन इस्तेमाल हो गई," दुकानदार मुरलीधरजी म्हणाले आणि त्यांनी ते यंत्र काउंटरवरून विनताबाईंकडे परत सरकविले. "कुंकू पोंछकर लाइए, फिर देखेंगे."

विनताबाईंचा चेहरा उतरला. जबलपूरच्या घमापूर वस्तीतील ह्याच दुकानातून त्यांनी मागील आठवड्यात ते यंत्र खरेदी केले होते; कन्या अपूर्वा हिच्या क्रेडिट कार्डावर. घरी आणताच नारळ फोडिला, हार घातला, कुंकवाने स्वस्तिक रेखिले आणि मगच प्लग लाविला. यंत्र घरघरले, चार बोटे शिवले आणि टाके सोडू लागले. सुई बदलली, दोरा बदलला. टाके सुटतच राहिले. पती कामास असलेला रिछाईतील कारखाना बंद पडला होता. सोमवारी शाळेच्या गणवेशांचे कापड येणार होते. यंत्र न चालल्यास ते काम दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार, हे निश्चित होते.

"कुंकू मी पुसणार नाही," विनताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सवाष्णीच्या हातचं आहे ते."

"तो फिर मशीन भी नहीं बदलेगी. घर की लक्ष्मी है दीदी, घर ले जाइए."

ह्या वाक्याने त्या खचल्या, कारण त्यांच्याही मनात तेच सलत होते. पूजलेली वस्तू परत देणे म्हणजे दारी आलेल्या लक्ष्मीला हाकलणे नव्हे काय? त्यांचे हात नकळत यंत्राकडे गेले.

"आई, काहून उचलून राहिली?" अपूर्वा म्हणाली. "पैसे कार्डावरून गेले. माल खराब निघाला अन् दुकानदार बदलून देत नाही, असं बँकेला कळवते. मग बँक यांना जाब विचारते." तिने मोबाइलवर तक्रार लिहावयास घेतली.

"लिखो बेटी, लिखो," मुरलीधरजी हसले. "बैंक भी पहले यही पूछेगी, कुंकू किसने लगाया."

अपूर्वाचे बोट थबकले.

त्याच क्षणी विनताबाईंची दृष्टी काउंटरच्या कोपऱ्यात स्थिरावली. अपूर्वाचे कार्ड ज्या लहानशा यंत्रात घातले गेले होते, ते तेथे ठेविलेले होते. त्याच्या माथ्यावर दिवाळीच्या पूजेचे स्वस्तिक वाळून बसले होते.

"भैया, हे बिघडलं तर हो?" त्यांनी विचारले. "बँकवाले बदलून देतात, की कुंकू पुसून आणा म्हणतात?"

"बदलेंगे कैसे नहीं? पिछले साल पूजा के दूसरे ही दिन बदलकर दी थी. कुंकू से मशीन थोड़े ही बिगड़ती..."

पुढचे शब्द त्यांच्या मुखातच राहिले. बाकावर बसलेल्या एका ग्राहक स्त्रीने पदर तोंडास लाविला. "अब बोलो सेठजी," ती म्हणाली.

मुरलीधरजी आत गेले आणि स्वहस्ते नवा खोका घेऊन आले. यंत्र बाहेर काढून त्यांनी देवापुढील कुंकवाची डबी त्याच्या शेजारी ठेविली. त्यांच्या स्वरात आता मार्दव आले होते.

"लो दीदी, टीका यहीं लगा दो. मेरे हाथ से भी शुभ हो. और बेटी, वो शिकायत हटा दो अब."

अपूर्वाने आईकडे पाहिले. विनताबाईंनी डबी अदबीने बाजूस सरकविली, पिशवीतून गणवेशाच्या नमुन्याचा निळा तुकडा काढिला आणि तो सुईखाली धरिला.

"थांब अपू. आधी टीप सरळ पडू दे, मग तक्रार काढून टाक. अन् कुंकू सगळ्यात शेवटी."

आपला बहुमोल वेळ देऊन ज्यांनी ही कथा येथपर्यंत वाचली, त्या सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
चिंतामणी लांजेवार, जबलपूर