ठिपका

पहिला फटका टेबलावर बसला. दुसरा ग्रंथपालबाईंच्या गालावर. त्यांचा चष्मा उडाला आणि फरशीवरून घसरत मासिकांच्या मांडणीखाली गेला. वाचनालयात वर्तमानपत्र वाचत बसलेले दोन वृद्ध उठले आणि एकमेकांकडे न पाहता दाराबाहेर पडले. त्यातल्या एकाने जाताना वर्तमानपत्र मात्र नीट घडी करून ठेवले.

“ए म्हातारे, बायको कुठे आहे माझी?”

ती तिथेच होती. जुन्या अंकांच्या खोलीत, दोन लोखंडी कपाटांमधल्या सापटीत, श्वास रोखून. कपाळावरची जखम सकाळची होती. त्याने हातातला फोन फेकून मारला होता. हाड वाचले होते, त्याच्या फोनची काच तडकली होती. भुवईवर वाळलेले रक्त आता घामाने पुन्हा ओले होत होते.

“इथे दिवसभर माणसं येतात,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. ओठ फाटल्यामुळे शब्द चिरत बाहेर येत होते. “कोण कुणाची बायको, हे मी विचारत नाही.”

त्याने त्यांचे केस मुठीत धरले आणि खिडकीजवळच्या संगणकापर्यंत त्यांना फरफटत नेले.

“रोज दुपारी इथे येऊन बसायची. तिचा फोन मला सगळं सांगतो. काय बघायची ती? दाखव.”

“दाखवायला काही उरतच नाही. माणूस आपल्या खात्यातून बाहेर पडला, की हे यंत्र सगळं पुसून टाकतं. सार्वजनिक संगणक आहे हा. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही.”

पडदा कोरा होता. निळा, निर्विकार. थोड्याच वेळापूर्वी त्याच पडद्यावर स्त्रियांच्या निवाऱ्याकडून आलेले उत्तर तिने वाचले होते: दोघींसाठी जागा आहे, संध्याकाळच्या आत मुलीला घेऊन या. वाचले, आणि बाईंनी शिकवले होते तसे खात्यातून बाहेर पडून ती उठली होती. त्या निळाईत आता तिचा मागमूसही नव्हता.

“पुसलं काय! थांब, तुझं तोंडच पुसून काढतो.”

त्याने बाईंचा चेहरा कीबोर्डवर दाबला. पडद्यावर एकाच अक्षराची लांबच लांब रांग उमटत गेली, एखाद्या किंकाळीसारखी.

“आणि ऐकून ठेव,” तो भिंतींनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “ती नाही सापडली, तर पोरीला शाळेतून उचलतो. मग येईल झक मारत, आपल्या पायांनी!”

सापटीत तिने स्वतःचे मनगट चावले. जिभेला रक्ताची चव लागली.

त्याने खिशातून फोन काढला. तडकलेली काच बोटाला दाद देईना. त्याने आणखी जोर लावला तेव्हा काचेने बोट कापले. शिवी हासडून त्याने फोन परत खिशात कोंबला, बाईंना बाजूला ढकलले आणि स्वतः खुर्चीत बसला. रक्ताळलेल्या बोटाने आपला पासवर्ड ठोकला.

घरातले दोन्ही फोन त्याच्याच खात्याला जोडलेले होते. वाढदिवसाला तिला फोन दिला, तेव्हाच त्याने तशी व्यवस्था करून ठेवली होती. ती भेट नव्हती. गुराच्या गळ्यातली घंटा होती. पडद्यावर नकाशा उघडला. तिचा ठिपका शहराबाहेरच्या महामार्गावर संथपणे पुढे सरकत होता.

“बसने पळतेय!” तो हसला. “पळ. पाताळात गेलीस तरी झिंज्या धरून वर काढीन.”

उठताना त्याने खुर्ची लाथेने उडवली. ती बाईंच्या गुडघ्यावर आदळली. मागे दार असे आपटले की तावदान फुटून पायऱ्यांवर सांडले. मोटारसायकलचा आवाज भडकला, लांब गेला, विरला.

ती सापटीतून बाहेर आली. इथे येण्याआधी परगावच्या बसमध्ये चढून तिने आपला फोन मागच्या सीटखाली सरकवला होता आणि ती लगेच उतरली होती. तो फसला होता. पण किती वेळ? दारापाशी येऊन ती थांबली. इतकी वर्षे प्रत्येक वळणाआड तोच उभा असल्यासारखे जगलेली बाई होती ती. रस्ता तसाच होता, उन्हात उघडा पडलेला, आणि त्याला असंख्य वळणे होती.

“बाई, तो आधी शाळेतच गेला असेल तर? नाहीतर अर्ध्या वाटेतून वळला तर? मी पोरीला घेऊन नेमकी त्याच्याच पुढ्यात जायची.”

मांडणीखालून चष्मा ओढून काढून ग्रंथपालबाई फरशीवर बसून रुमालाने तोंड टिपत होत्या. त्यांनी मान वर केली.

“इकडे ये गं. कशाला हात लावू नकोस. नुसती बघ.”

नकाशा अजून उघडा होता. तिचा ठिपका महामार्गावर पुढे चालला होता. आणि त्याच्या बराच मागे, शाळेच्या अगदी उलट दिशेला, नदीवरच्या पुलावर, दुसरा एक ठिपका सुसाट धावत होता.

“इथून उठणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, लॉगआउट केलंत का म्हणून,” बाई म्हणाल्या. “त्याला नाही विचारलं.”

त्यांनी आपला फोन तिच्या हातात कोंबला.

“जा, लेकीला घे. मी या पडद्यासमोरून हलत नाही. तो वळला, की टेबलावरच्या फोनवरून तुला कळवते.”

ती फुटक्या काचांवरून पायऱ्या उतरली. लग्नानंतर पहिल्यांदाच, तो कुठे आहे हे तिला ठाऊक होते, आणि ती कुठे आहे हे त्याला नव्हते.