शीत लावलेलं पाकीट

“आजी, जुना अँटिव्हायरस यादीतले चोर ओळखतो. हा नवा पहारेकरी प्रत्येकाचं वागणं बघतो. दोन्ही असू द्या,” असं सांगून शेजारची मृण्मयी गेली आणि मी माझ्या आठवणी टाइप करायला बसले.

थोड्याच वेळात लाल चौकट आली : ‘हा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो बाहेर पाठवतो. थांबवायचा?’ फोटो जात होते तो ई-मेल पत्ता खाली होता : श्रीरंगचा, माझ्या मुलाचा. जुना अँटिव्हायरस हिरवी खूण दाखवत स्वस्थ होता.

मी त्याला फोन लावला.

“अगं आई, तुला कुणी फसवू नये म्हणून दिवाळीत टाकलं होतं. काळजीपोटी!”

“आणि माझं लिहिलेलं वाचलंस?”

“जाते नजर. पण बाबांबद्दल तसलं लिहायची गरज होती का?”

माझ्या आईची पत्रंही सासूबाई काळजीपोटीच आधी उघडायच्या. आई पाकीट डिंकाने चिकटवायची. माझ्या हाती येताना त्यावर भाताचं शीत वाळलेलं असायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “घरात कसलं आलंय गुपित?” आई जाईपर्यंत मी ते शीत नखाने खरवडत राहिले, पुन्हा बोलले नाही.

मी फोन ठेवला, पण ‘थांबवा’ लगेच दाबलं नाही. नवं पान उघडून मोठ्या अक्षरांत शिताची ही गोष्ट लिहिली आणि दहा मिनिटं ते पान तसंच ठेवलं. श्रीरंगकडे फोटो पोचला असेल, अशी खात्री झाल्यावर मग बटण दाबलं.