बाकड्यावरची जागा

पारोळ्याबाहेर, हायवेला लागून भागाबाईचं घर. पुढे नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. सुकदेव गेल्यापासून ते बंद होतं, तरी ती रोज सकाळी दुकानाचं बाकडं पुसायची. फडकं काळं व्हायचं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याला रक्ताचा कॅन्सर सांगितला होता. "बिडी नाही? मग धूर?"

"साहेब, हायवेवर धूरच येई. अत्तर कोठून येई?" सुकदेव हसला होता.

धुरामुळेही असेल, डॉक्टर म्हणाले. नक्की सांगता येत नाही.

दहाव्यानंतरच्या सकाळी बाकड्यावर काजळी होती. फक्त डाव्या टोकाला नव्हती. एका माणसाच्या बसण्याएवढी जागा स्वच्छ.

दुसऱ्या दिवशीही.

भागाबाई घाबरली नाही. चहाचा एक कप ती तिथे नेऊन ठेवू लागली.

दिवाळीला कुंदा न्यायला आली. दोंडाईच्याला दिलेली एकुलती लेक. लहानपणी ती याच बाकड्यावर बापाला चिकटून अभ्यास करायची.

"माय, आठे एकली काय करशी? चाल."

"एकली कोठे शे मी?"

पण शेवटी ती तयार झाली.

निघायच्या सकाळी बाकड्यावर दोन जागा स्वच्छ होत्या. शेजारी शेजारी.

दुसरी आपलीच, भागाबाईला वाटलं. तिला बरंच वाटलं. तिने तिथे बसून पाहिलं. जागा अरुंद होती. लुगड्याला दोन्हीकडून काजळी लागली.

ती उठली.

"दमनू वं माय," म्हणत कुंदाने पिशवी खाली ठेवली आणि ती त्याच दुसऱ्या जागेवर बसली.

तिच्या लुगड्याला काहीच लागलं नाही.