शेजारची सीट

सीटजवळचं चाक फिरवलं की शेपटीवरची छोटी पट्टी हलते आणि विमानाचं नाक वर किंवा खाली होतं. त्या पट्टीची नवी तार जोडून मेकॅनिककाकांनी "एकदम ओके" म्हणत सही ठोकली.

"छान!" पायलटबाई म्हणाल्या. "आजपासून नवा नियम. सही करणाऱ्याने पहिल्या फेरीला माझ्या शेजारी बसायचं."

काकांनी तीस वर्षं विमानं दुरुस्त केली, पण पाय कधी जमिनीवरून सुटले नव्हते.

"थांबा हं, परत एकदा बघतो. चाक फिरवा, नाक वर."

मघाशी त्यांनी पट्टी हलते, एवढंच पाहिलं होतं. आता कुठल्या बाजूला हलते, तेही पाहिलं. तार उलटी जोडली गेली होती. नाक वर घ्यायला जावं, तर विमान खाली गेलं असतं.

"बरं झालं, जमिनीवरच कळलं!" बाईंनी सुस्कारा सोडला.

काका धावपट्टीच्या टोकाकडे बघत होते.



"मॅडम, आधी रेडिओवर माझ्या लेकीला गाठा. ती आत्ताच उडालीय... तिच्या विमानाची तारही काल मीच जोडलीय."