मार लागलेला कॅमेरा

"एक लाख नव्वद हजार आले असते," बसप्पा म्हणाला. "पण आता एक लाख वीसच्या वर कोणी देणार नाही."

काउंटरपलीकडं सोनम उभी होती. तिच्या मागं स्टुलावर तिची सासू गोजाबाई पदर सावरून बसली होती.

"असं कसं काका? फोनवर तर तुम्ही..."

"फोनवर मी कॅमेरा हातात घेतला नव्हता पोरी."

सात रस्त्याजवळच्या या दुकानात बसप्पानं सारा जन्म जुने कॅमेरे घेण्या-विकण्यात घालवला होता. त्यानं सांगितलेला भाव पुण्याचं गिऱ्हाईकसुद्धा न बघता मान्य करायचं. मोबाइल आल्यापासून बाकीच्या कॅमेऱ्यांना कोणी विचारत नव्हतं, पण डिजिटल रेंजफाइंडरचे भाव टिकून होते. नवीन मॉडेल आलं की थोडे उतरायचे, एवढंच. ते हौशी लोकांचं यंत्र. त्यात फोकस आपोआप होत नाही. छोट्या खिडकीतून बघितलं की मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवत त्या एकावर एक आणायच्या. जुळल्या की फोटो स्पष्ट येणार.

हा कॅमेरा सोनमच्या नवऱ्याचा, धनाजीचा. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं पोरगं. मेंढरांमागं फिरत काढलेल्या फोटोंना मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा त्या पैशातून त्यानं तो बसप्पाकडूनच घेतला होता. गेल्या हिवाळ्यात काविळीनं धनाजी गेला.

बसप्पानं दुकानावरची ताडपत्री खाली ओढली, उन्हाची तिरीप अडवली आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. समोरच्या विजेच्या खांबावर धरून कडी इकडून तिकडं फिरवली.

"नाही जुळत. खांबाच्या शेजारी दुसरा खांब राहतोच. याला कुठंतरी मार लागलाय. हे बघ, तूच बघ."

सोनम मागं सरकली. "नको काका. ती त्यांच्या डोळ्याची जागा आहे."

बसप्पानं आग्रह केला नाही.

"पण ते तर काचेला कुणाचं बोटसुद्धा लागू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि ते गेल्यापासून कपाटातच..." ती मधेच थांबली. वळून सासूकडं बघू लागली.

कॅमेरा नुसता कपाटात पडून नव्हता. रोज दुपारी गोजाबाई तो बाहेर काढायची, मांडीवर घ्यायची आणि कोकरावरून हात फिरवावा तसा हात फिरवत बसायची. जेवायची शुद्ध नसायची तिला. घरात कॅमेरा राहिला तर म्हातारी यातून उठणार नाही, म्हणूनच सोनमनं तो विकायचं मनावर घेतलं होतं.

"आत्या, तुमच्या हातनं पडला होता का?"

"न्हाय गं बाई. पदरातच आसतोय की माझ्या."

"मग मार कसा लागला? काका खोटं बोलतील का?"

गोजाबाईनं बसप्पाकडं बघितलं. बसप्पा मान खाली घालून भिंग पुसत राहिला. "कधी कधी कळतही नाही अक्का. कपाटाच्या कडेला आपटलं तरी पुरतं."

म्हातारीनं आपलेच हात उलटसुलट करून बघितले. मग अगदी हळू म्हणाली, "आपटला आसंल. माझ्याच हातनं. हातात लई जीव न्हाय आता."

"त्यांचं एवढं एकच नीट राहिलं होतं," सोनम म्हणाली. बोलून गेल्यावर तिनं ओठ दाबून धरले. गोजाबाई उठली आणि दुकानाबाहेर जाऊन उन्हात उभी राहिली.

बसप्पाला वाईट वाटलं. या वर्षी असं हे तिसरं यंत्र होतं. आधीच्या दोघांनी काही न बोलता कमी भाव घेतला होता. त्यानं ते कॅमेरे पुण्याला दोस्ताकडं धाडून नीट करून घेतले आणि पुन्हा न बघता तिथूनच परस्पर पुऱ्या भावानं विकले. पण ही माणसं वेगळी होती.

"आज विकू नकोस," तो म्हणाला. "पुण्याला जोतिराम म्हणून माझा दोस्त आहे. हे काम त्याच्याइतकं कुणाला येत नाही. माझ्या खर्चानं पाठवतो. जुळवून आला की पुरा भाव देतो तुला."

पुढच्या आठवड्यात सोनमचा फोन आला. तिनं कॅमेऱ्याची चौकशी केलीच नाही.

"आत्या गावाकडं गेल्या काका, त्यांच्या भावाकडं. जाताना लेकाचा फोटोसुद्धा बरोबर नेला नाही. म्हणाल्या, माझ्या हातात काय बी देऊ नगंस, माझ्या हातनं मोडतंय." ती रडायला लागली. "मी तसं बोलायला नको होतं."

"रडू नकोस. कॅमेरा आला की आपण दोघं जाऊ गावाला. मी माझ्या हातानं त्यांच्या ओटीत घालतो. विकायचं नंतर बघू."

फोन ठेवला आणि त्यानं लगेच जोतिरामला लावला.

"झाला का रे जुळवून? लई गरज आहे."

पलीकडं हत्यारं बाजूला सारल्याचा आवाज आला.

"बसप्पा, मी त्याला पेचकससुद्धा लावला नाही," जोतिराम म्हणाला. "दोन्ही प्रतिमा बरोब्बर एकावर एक बसतायत. धक्क्याची खूण कुठंच नाही. तू पाठवलेले मागचे दोन्ही कॅमेरेसुद्धा असेच आले होते. तुला कसं सांगायचं म्हणून मी गप्प बसलो."

"म्हणजे?"

"बसप्पा, तू तुझे डोळे कधी तपासून घेतलेस?"