मेहुण्याची मिशी

मॅरेथॉन पुरी झाली तर शिंप्याच्या पदरात एकच सुख पडणार होतं: पैजेप्रमाणे मेहुण्याची मिशी उतरणार. नाही झाली, तर स्वतःची. सराव कशाला? वीस वर्षं पायमशीन चालवणारे पाय होते ते! पंचविसाव्या किलोमीटरला तेच पाय लाकडासारखे ताठले आणि शिंपी रस्त्याकडेला बसला. "हरलो," तो म्हणाला. स्कूटरवरून मजा बघत मागोमाग आलेल्या मेहुण्याने लगेच बहिणीला फोन लावला. "ताई, भाऊजींची मिशी गेली!" "खबरदार! मिशीशिवाय ते हुबेहूब सासूबाईंसारखे दिसतात. घरात एकच सासू पुरे. उठव त्यांना!" ताईपुढे बोलायची मेहुण्याची टाप नव्हती. स्कूटर तिथेच लावून त्याने भाऊजींना बखोटीला धरलं आणि उरलेले सतरा किलोमीटर ओढत नेलं. संध्याकाळी हरलेला शिंपी मिशीला पीळ देत घरी गेला, आणि जिंकलेला मेहुणा न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसला.